तळ्याची ओटी

मत्स्यबीजाच्या पिशव्यांना हार घालायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, हे वरकुट्यात आज कुणी कबूल करणार नाही. पण त्या दिवशी पाझर तलावाच्या काठाला मांडव होता, मांडवात स्टेज होतं, स्टेजवर पाण्यानं आणि ऑक्सिजननं टम्म फुगलेल्या चाळीस पारदर्शक पिशव्या तीन थरांत रचल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीच्या गळ्यात झेंडूचा हार होता. एकेका पिशवीत बोटाच्या पेराएवढे पाचशे मासे. कटला, रोहू आणि मृगळ. असे वीस हजार जीव स्टेजवर बसून प्रमुख पाहुण्यांची वाट बघत होते.

पाहुणे नऊला येणार होते. आता दहा वाजून गेले होते.

सारजा स्टेजच्या कडेला उभी राहून पिशव्यांकडे बघत होती. पंचावन्नच्या घरातली बाई, अंगानं वाळकी, आवाजानं खणखणीत. लग्न होऊन आली तेव्हा सासरी दोनशे मेंढरं होती. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि वाटेत मेंढी व्याली की कोकरू पाटीत घालून डोक्यावर न्यायचं, यात तिची निम्मी जिंदगी गेली. कळप विकून आता पंधरा वर्षं झाली होती. शेती आली, ऊस आला, बारावी शिकलेली सून रोहिणी आली, पण जनावर दिसलं की आधी त्याचा श्वास बघायचा ही सारजाची खोड काही गेली नाही. माशाचा श्वास कल्ल्यांत दिसतो. सकाळी पिशव्या उतरवल्या तेव्हा कल्ले सावकाश उघडमीट करत होते. आता ते भराभर हलत होते आणि निम्मे मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

बीज घेऊन आलेला पिकअपचा ड्रायव्हर रणजित तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मावशी, पहाटं तीनला भरल्यात पिशव्या. मी बजावून सांगितलं हुतं, नवाच्या आत पाण्यात जाऊ द्या. एकदा का पिशवीतलं पाणी तापलं, की मग आत ऑक्सिजन किती बी असू द्या, काय उपेग न्हाय."

"आनी मेलं तर? दुसरं बीज आनशीला?"

"कुठनं आणू? शेवटची खेप हाय ही. आता थेट फुडल्या पावसाळ्यात."

म्हणजे हे मेलं तर तलाव वर्षभर रिकामा. सारजाला ते ठाऊकच होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं आणि बचत गटातल्या दहा बायकांनी हा तलाव माशांसाठी पंचायतीकडून ठेक्यानं घेतला, तेव्हा गाव हसलं होतं. मेंढरं राखणाऱ्या बायका आता मासं राखणार, म्हणून पारावर आठवडाभर करमणूक झाली. बायका बारामतीला जाऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या, घरचं शेण आणि भाताचा कोंडा पाण्यात टाकत राहिल्या, आणि उन्हाळ्यात जाळं ओढलं तेव्हा किलोकिलोचे कटले उड्या मारत बाहेर आले. माशाच्या वासानं नाक धरणारं गाव काठावर डबे घेऊन उभं राहिलं. सारजाला त्यातलं एकच चित्र पुरेसं होतं. गटातल्या अनिताची चार वर्षांची पोर, अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यात सदा लाल रेघेखाली असलेली, कालवणातल्या माशाचे काटे आपल्या बोटांनी काढून खात बसली होती. मेंढरं गेली तसं घरोघरचं दूध आणि मटण गेलं. चारी बाजूंनी हिरवागार ऊस, आणि पोरांच्या ताटलीत चहा आणि बिस्कीट! ऊस काय खायला घालायचा पोरांना? आता जे पोटाला मिळणार ते या पाण्यातूनच, हे सारजानं मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्यासाठी तिला कुणाचं भाषण ऐकावं लागलं नव्हतं.

भाषण मात्र चालू होतं. पाहुणे येईपर्यंत माणसं धरून ठेवायची म्हणून शाळेतल्या दीपक गुरुजींना माइक दिला होता. "येत्या पंचवीस वर्षांत जगाला अन्न कोण पुरवणार?" गुरुजी विचारत होते. "जमीन वाढणार नाही. माणसं वाढणार. मग अन्न येणार कुठून? पाण्यातून! आणि त्याची सुरुवात कुठून? आपल्या वरकुट्यातून!" लोक टाळ्या वाजवत होते. गुरुजींच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, जगाचं अन्न पिशवीत धापा टाकत होतं.

सारजा तडक हिंदुरावांकडे गेली. हिंदुराव म्हणजे गावचे माजी सरपंच. सध्याची सरपंच त्यांची सून होती, तेव्हा माजी हा शब्द फक्त लेटरपॅडवर. ही योजना त्यांनीच खटपट करून गावात आणली होती, आणि पुढच्या महिन्यात तलावाचा ठेका नव्यानं व्हायचा होता तोही त्यांच्याच हातात होता. डोक्याला भगवा फेटा, एका कानाला फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन.

"आबा, बीज पाण्यात जाऊ द्या आता. मासं वर याया लागल्यात."

"सारजावैनी, तुमाला काय वाटतं, मला काळजी न्हाय? निघाल्यात साहेब. एमआयडीसीतला दुधाचा प्रकल्प बघून निघाल्यात. हे काय, आत्ताच बोललो."

"मग चार पिशव्या ठिवा त्यांच्यासाठी. बाकीच्या सोडू."

"आनी स्टेजवर काय ठिवायचं? नारळ?" हिंदुराव वैतागले. "आवं, फोटो लागतो. योजनेची अट हाय. चाळीस पिशव्या आल्या तर फोटोत चाळीस दिसाय पायजेत, आनी साहेबांच्या हातनं सुटाय पायजेत."

बीज तलावात सोडताना फोटो काढायचा, त्यावर जागा आणि वेळ उमटलेली पाहिजे, एवढीच योजनेची अट होती. फोटोत साहेब पाहिजेत ही अट हिंदुरावांची. पण ते त्यांना सांगणार कोण?

अकराला ऊन मांडवाच्या कडेवरून आत सरकलं आणि खालच्या थरावर पडलं. सारजानं आणि झुंबरनं गोणपाट भिजवून आणले आणि पिशव्यांवर टाकले. झुंबर ही सारजाची जोडीदारीण, गटातली सगळ्यांत थोराड आणि सगळ्यांत मोठ्या गळ्याची बाई. दोघी खाली उतरतात न उतरतात तोच ड्रोनवाल्यानं तक्रार केली की वरून नुसती पोती दिसतात. हिंदुरावांनी माणूस पाठवून गोणपाट काढायला लावले. हार चुरगळले होते तेही सरळ करून घेतले. सारजाच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की तो ओला गोणपाट उचलून हिंदुरावांच्या फेट्यावर घालावा असं तिला वाटलं.

"रोहिणी, तू तरी बोल की," ती सुनेला म्हणाली. रोहिणी गटाची सचिव होती, कागदपत्रं तीच बघायची.

"आत्या, बोलून बघितलं. म्हणतात, ठेका हवाय का नको ते ठरवा. सरळ तोंडावर म्हणाले."

सारजाचा नवरा तात्याबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता. सगळ्यांबरोबर त्यालाही फेटा बांधला होता, त्यामुळे मान कुठं वळवायची सोय नव्हती. सारजा त्याच्याजवळ जाऊन कुजबुजली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मोठ्या मानसांची कामं असत्यात. येतील की." कोकरू आडवं आलं तर हाच माणूस रात्रभर उकिडवा बसायचा. फेट्यानं माणसाचं काय होतं बघा!

साडेअकराला फोन आला. साहेब माळेगावात कुणाच्या तरी घरी नाश्त्याला थांबले होते. आग्रह मोडवला नाही म्हणे. हिंदुरावांनी ही बातमी अशा आवाजात सांगितली, की जणू नाश्ता त्यांनीच केला होता. गुरुजींनी पाणी पिऊन माइकवर पुन्हा जगाच्या लोकसंख्येपासून सुरुवात केली.

आणि मग सारजानं पांढरं पोट बघितलं. वरच्या थरातल्या डाव्या पिशवीत एक मासा उलटा झाला होता. तो एकदा वळवळून सरळ झाला आणि पुन्हा उलटा झाला. मग त्याच पिशवीत दुसरा. सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला राग आला. ओरडावं? हिंदुराव ठेका काढून घेणार. पिशव्या फोडाव्यात? मांडवभर पुरुष धावून येणार. बाईमाणसानं काय केलं तर हे दोनशे फेटेवाले मुकाट्यानं बाजूला होतात? ती तशीच उभी राहिली, आणि उभ्या उभ्याच तिला उत्तर सापडलं.

ती पुन्हा हिंदुरावांपुढे गेली. या वेळी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन.

"आबा, एक रीत ऱ्हायली. बरं झालं पाहुणं अजून आलं न्हाईत."

"कसली रीत?"

"तळ्याची वटी. आवं, तळं भरलं म्हंजी पोटुशी असतंय. वटी भरल्याबिगर पोटुशीच्या पोटात जीव घालायचा नसतो. घातला तर लागतं."

"कुणाला लागतं?"

"ज्याच्या हातनं सुटलं त्याच्या घराला," सारजा शांतपणे म्हणाली. "आनी ज्यानं त्याला बोलावला त्याच्या."

हिंदुरावांचा फोन कानापासून खाली आला. माणूस दहा निवडणुका बघितलेला, पण गेल्या वर्षीच त्यांच्या नव्या बोअरला पाणी लागलं नव्हतं आणि त्याआधी कुणीतरी लिंबू कापायला सांगितलं होतं ते राहून गेलं होतं. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

"आगं, आपल्यात कवा हुती ही असली रीत?" मागून तात्याबा म्हणाला. एवढं मात्र त्याला ऐकू गेलं.

"तुमी मेंढरामागं असायचा. बायकांचं तुमास्नी काय ठावं?" सारजानं मागं न बघताच त्याला गप्प केलं. "आबा, समद्या पिशव्यांची पाण्याला वळख करून द्यायची असती. पुरुषांची नजर चालत न्हाय. पाठ करून बसायचं. अर्धा तास."

हिंदुरावांनी घड्याळ बघितलं, आभाळ बघितलं. "पिशव्या हारासकट परत स्टेजवर पायजेत. आनी दोन इथंच ऱ्हाऊ द्या. रिकामं स्टेज बरं दिसत न्हाय. त्या दोन्हींची शेवटाला करा."

दीपक गुरुजींनी माइकवरून जाहीर केलं, की आता एक अत्यंत प्राचीन विधी होत असून बंधूंनी कृपया पाठ फिरवावी. दोनशे फेटे एकदम तलावाकडे पाठ करून बसले. ड्रोनसुद्धा खाली उतरवला.

पुढचा अर्धा तास अकरा बायका जन्मात धावल्या नसतील अशा धावल्या. लुगड्यांचा पडदा दोन कळकांना बांधून पाण्यात रोवला. अडतीस पिशव्या कडेवरून, खांद्यावरून पडद्याआड गेल्या. प्रशिक्षणात शिकवलं होतं, पिशवी एकदम ओतायची नाही. आधी बंदच पाण्यावर ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होऊ द्यायचं, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं. मासा आपण होऊन बाहेर जातो. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडद्याबाहेर काहीतरी विधी ऐकू यायला हवा, म्हणून सारजानं झुंबरला गायला लावलं. तळ्याच्या ओटीची गाणी कुठं असणार? झुंबरनं डोहाळजेवणाची चार गाणी लावली, एकामागून एक, कडव्यावर कडवं. मुलीच्या जागी तळं घातलं की झालं. अनिता हसून हसून पाण्यात बसायच्या बेताला आली.

पहिली पिशवी सारजानं सोडली तेव्हा तिचं हसू गेलं. वरचे शंभरएक मासे मेले होते. पांढऱ्या पोटांचा थर बाजूला केल्यावर खालून काळसर पाठी सरकल्या, पिशवीच्या तोंडाशी घुटमळल्या आणि एकदम खोल गेल्या. दुसऱ्या पिशवीत पन्नास. पाचव्या पिशवीत निम्मे. अकरा वाजता हे सुचलं असतं तर एवढे गेले नसते, हेच तिच्या मनात घोळत राहिलं. सुचायला मासे मरावे लागले. हिंदुरावांवर राग होताच, आता स्वतःवरही आला. दोन तास ती हात चोळत उभी राहिली होती आणि ज्याला त्याला आर्जवं करत होती.

"आत्या, चालल्यात बघा!" रोहिणी म्हणाली. गुडघाभर पाण्यात तिच्या पायांभोवतून काळा पट्टा सरकत चालला होता, हजारो बारीक जीवांचा. सारजानं तिकडं बघितलं आणि तिच्या छातीवरचा निम्मा धोंडा उतरला.

रिकाम्या पिशव्यांत तळ्याचं पाणी भरलं, हार पुन्हा अडकवले. नुसत्या पाण्यानं पिशव्या लुळ्या दिसायला लागल्या, तेव्हा बायकांनी रणजितला पडद्यापाशी बोलावलं. त्यानं गाडीतल्या नळकांड्यातला उरलेला ऑक्सिजन त्यात भरून दिला. मासे तडफडत होते तेव्हा त्या नळकांड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि आता तोच ऑक्सिजन निव्वळ पाण्याला फुगवायला खर्च होत होता. "त्या दोन पिशव्या आन जा आता," सारजानं अनिताला सांगितलं. अनिता काठावर चढली, आणि तेवढ्यात रस्त्यावर एका मागोमाग सहा गाड्यांचे हॉर्न वाजले.

साहेब आले. एक वाजत आला होता.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. मुंबईचे, कुठल्याशा नियोजन समितीवरचे, साठीचे, घामाघूम झालेले. उतरल्याबरोबर त्यांनी उशिराबद्दल हात जोडून माफी मागितली. सारजाला वाटलं, आता सरळ पाण्याकडे येतील. पण त्यांना फेटा बांधला. शाल घातली. नारळ दिला. मग त्यांच्याबरोबरच्या सहा जणांना फेटे, शाली, नारळ. मग हिंदुरावांचं प्रास्ताविक. अडतीस पाण्याच्या पिशव्या आणि दोन माशांच्या पिशव्या सगळ्यांमागं पुन्हा रचलेल्या होत्या. माशांच्या कुठल्या ते सारजाला लांबूनही कळत होतं, कारण त्याच तेवढ्या आतून हलत होत्या. तिनं स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला तर एकानं तिला अदबीनं खाली उतरवलं. सत्कार चालू असताना मधून जायचं नसतं म्हणे.

साहेब दहाच मिनिटं बोलले, आणि बरं बोलले. मासा हे गरिबाचं सगळ्यांत स्वस्त पोषण कसं होईल, शेततळी, धरणं, पाझर तलाव मिळून किती माणसांचं पोट भरेल, ते त्यांनी नीट सांगितलं. एरवी सारजानं कान देऊन ऐकलं असतं. शेवटी ते म्हणाले, "चला, बीज सोडू या," आणि ती पुढं झाली, तेवढ्यात दीपक गुरुजींनी माइक घेतला.

"साहेब, एक अभिमानाची गोष्ट सांगायची राहिली. आपल्या मायभगिनींनी आत्ताच, आपल्या आगमनापूर्वी, तळ्याची ओटी भरण्याची शेकडो वर्षांची परंपरा पार पाडली."

साहेबांचे डोळे चमकले. "अरे! हे मला बघायचंय. हे तर लोकांसमोर यायला पाहिजे. आधी ती ओटी भरा, मग मी बीज सोडतो."

"साहेब, झाली ती," सारजा म्हणाली. "परत नसती करायची. आनी पुरुषांच्या नजरंला चालत न्हाय."

"वैनी!" हिंदुराव हसत हसत दात आवळून म्हणाले. "साहेब म्हंजी काय परकं पुरुष हायत व्हय?"

सारजानं रोहिणीकडे बघितलं. रोहिणीनं पिशव्यांकडे बघितलं. खरं सांगावं, तर अडतीस पिशव्यांत पाणीच आहे हे उघडं पडणार, फोटो खोटा ठरणार, योजना जाणार, ठेका जाणार. तळ्यात आज गेलेले मासे पुढच्या उन्हाळ्यात कुणी दुसराच ओढणार. सारजानं लुगडं वर खोचलं. "आवरा गं," ती बायकांना म्हणाली. "बिगीबिगी."

बायका पुन्हा पाण्यात उतरल्या. या वेळी पडदा नव्हता. पाण्याच्या पिशव्या ओळीनं तरंगत ठेवल्या, त्यांना हळद-कुंकू लावलं, तळ्याला खण-नारळ दाखवला. सारजाची पाठ स्टेजकडे होती. त्या दोन पिशव्या वर उन्हातच होत्या, कारण त्या साहेबांच्या हातानं सुटायच्या होत्या. झुंबरनं पहिलं गाणं लावलं. एका कडव्यानंतर सारजानं तिला कोपर मारलं, तशी झुंबर थांबली.

"थांबू नका, थांबू नका," साहेब काठावरून म्हणाले. "पूर्ण म्हणा. मघाशी किती गाणी म्हटली होती?"

"चार, साहेब," दीपक गुरुजींनी सांगितलं. पाठ करून बसले होते, पण मोजत होते.

चार गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्येच कॅमेऱ्यावर थेंब उडाला, म्हणून तिसरं पुन्हा पहिल्यापासून झालं. सारजा टाळ्या वाजवत होती आणि मनातल्या मनात तिनं साहेबांपासून गुरुजींपर्यंत एकेकाचा उद्धार केला. सगळ्यांत जास्त स्वतःचा. मासे सोडायला अर्धा तास लागतो म्हणून अर्ध्या तासाची रीत तिनंच काढली होती.

मग साहेब चप्पल काढून पाण्याच्या कडेला आले. हिंदुरावांनी पिशवी त्यांच्या हातात दिली. सारजा "आधी पाण्यावर ठिवा" म्हणेपर्यंत त्यांनी ती छातीच्या उंचीवरून ओतली. कॅमेरे वाजले. दुसरीही ओतली. सगळ्यांचं लक्ष तिकडं असताना बायकांनी अडतीस पिशव्यांतलं पाणी तळ्यात सोडून दिलं. पाण्यावर पांढरी पोटं पसरली, सगळीच्या सगळी, आणि लाटेबरोबर काठाला लागली.

"हे असेच पोहतात का सुरुवातीला?" साहेबांनी विचारलं.

"प्रवासानं दमल्यात, साहेब," हिंदुराव म्हणाले.

साहेबांनी माइक मागवला आणि पाण्यात उभ्या असलेल्या सारजासमोर धरला. "आजी, लोकांना सांगा. ही परंपरा किती जुनी आहे?"

सारजानं पायाशी बघितलं. तिच्या पोटरीला दोन मेलेले मासे चिकटले होते. तिला आता ठेका आठवला नाही, सून आठवली नाही, काही आठवलं नाही.

"आज दुपारी बाराची हाय, साहेब," ती माइकमध्ये म्हणाली. "तुमी येत न्हवता आनी मासं मरत हुतं, म्हणून काढली."

साहेबच आधी खदखदून हसले, आणि त्यांच्यामागून अख्खा मांडव हसला. तात्याबा हसला. हिंदुराव डोळे पुसत हसले. दीपक गुरुजींनी माइक घेऊन ग्रामीण स्त्रीच्या विनोदबुद्धीला टाळ्या मागितल्या आणि त्या मिळाल्या. साहेबांनी तिथंच जाहीर केलं, की पुढच्या वर्षी इंदापूर आणि बारामतीच्या चाळीस तलावांवर बीज सोडायचं ते याच विधीनं, आणि प्रत्येक तलावावर ते स्वतः हजर राहणार. ते आल्याशिवाय कुठंही कार्यक्रम सुरू करायचा नाही. बायकांना शिकवायला सारजाबाई जातील, हे हिंदुरावांनी परस्पर कबूल केलं.

लोक जेवायला उठले. सारजा पदर खोचून पाण्यातच राहिली. मेलेले मासे वेचून काढावे लागतात, नाहीतर काठाचं पाणी नासतं आणि आत गेलेल्यांनाही बाधतं. रोहिणी आणि अनिता घमेली घेऊन खाली आल्या आणि तिच्याबरोबर वेचू लागल्या. वर मांडवात साहेबांच्या बरोबरचा एक माणूस डायरी घेऊन झुंबरजवळ बसला होता आणि चारही गाणी उतरून घेत होता. एकही कडवं गाळायचं नाही, असं साहेबांनी त्याला बजावलं होतं.